लिनक्स कर्नलच्या छपाईत नवं अक्षर: %पी विस्तार कसा लिहायचा

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यातलं प्रिंटके, म्हणजे कर्नलचे संदेश लॉगमध्ये लिहिणारं फंक्शन, दिसायला सी भाषेतल्या नेहमीच्या प्रिंटएफसारखंच आहे. तीच फॉरमॅट स्ट्रिंग, तेच %डी आणि %एस. फरक आहे तो ते कुठे आणि कधी चालतं यात. साध्या प्रोग्राममधलं प्रिंटएफ बिघडलं तर तो एक प्रोग्राम बंद पडतो. प्रिंटकेला मात्र इंटरप्ट (हार्डवेअरने मधेच मागितलेलं काम) चालू असताना, कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्युलरने लॉक धरलेला असताना, मेमरी व्यवस्था पुरती उभी राहण्याआधी चालावं लागतं. कर्नल पॅनिक होऊन स्वतःचे शेवटचे शब्द लिहीत असतो तेव्हाही तेच चालतं. त्यामुळे त्यात आपण घातलेल्या वीस-पंचवीस ओळी सोप्या असल्या, तरी त्या कोणत्या घडीला चालणार आहेत याचा विचार सोपा नसतो. हा लेख मुख्यतः त्या विचाराबद्दल आहे, आणि कृती त्याच्या ओघात येते.

विस्तार म्हणजे %पी या खुणेपुढे अक्षरं जोडून केलेली छपाईची नवी सोय. नमुना म्हणून मी %पी४सीसी हा विस्तार घेतला आहे. तो ५.१३ आवृत्तीत, २०२१ साली आला. आकाराने छोटा आहे, वाचायला स्वच्छ आहे आणि या कामातले जवळजवळ सगळे नियम त्यात दिसतात. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करा. लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलं आहे. कर्नलचा सोर्स उघडा आणि लिब फोल्डरमधली व्हीएसप्रिंटएफ.सी ही फाइल समोर ठेवा. तिच्या माथ्यावर अजूनही लार्स विर्झेनियस आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांची नावं आणि १९९१ हे साल आहे. आपण ज्यात हात घालणार आहोत ते कर्नलमधल्या सगळ्यात जुन्या कोडपैकी आहे.

%पी नंतरच का?

नवखा माणूस पहिल्यांदा एखादं मोकळं अक्षर शोधतो, समजा %के, आणि त्याचा अर्थ ठरवायला निघतो. इथेच तो अडतो. प्रिंटकेच्या घोषणेवर जीसीसी या कंपायलरसाठी एक खूण लावलेली असते: हे फंक्शन प्रिंटएफसारखं आहे, फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट जुळतात का ते बघ. ही तपासणी फार मोलाची आहे. %डी लिहून ६४ बिटांचा आकडा दिला, की कंपायलर तिथेच बोलतो. पण त्याला %के माहीत नाही, म्हणून तुमच्या प्रत्येक कॉलवर वॉर्निंग येणार.

यातून बाहेर पडायला फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने कंपायलरलाच शिकवलं. त्यांच्या कर्नलमध्ये %बी हार्डवेअर रजिस्टरमधले बिट नावांसकट छापतं आणि मोठ्या अक्षरातलं %डी बाइट्स सोळा-आधारी अंकांत छापतं. त्यासाठी कंपायलरला खास पर्याय द्यावा लागतो. लिनक्सने २००८ मध्ये वेगळा मार्ग धरला, तोही टोरव्हाल्ड्स यांच्याच पॅचमधून, म्हणजे सोर्समधल्या बदलातून. कंपायलरच्या दृष्टीने %पी म्हणजे एक पॉइंटर, आणि त्यापुढचं अक्षर म्हणजे साधा मजकूर. तो तक्रार करत नाही. प्रत्यक्ष छापताना कर्नल मात्र ते पुढचं अक्षर वाचतो आणि पॉइंटरचा अर्थ त्यावरून लावतो. मोठं एस असेल तर पत्त्याऐवजी फंक्शनचं नाव आणि ऑफसेट, मोठं एम असेल तर नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, मोठं आय आणि ४ असेल तर आयपी पत्ता, मोठं यू असेल तर यूयूआयडी.

या युक्तीची किंमतही आहे, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. कंपायलरला फक्त पॉइंटर दिसतो, कशाचा पॉइंटर ते दिसत नाही. मॅक पत्त्याच्या जागी चुकून दुसऱ्याच स्ट्रक्चरचा पत्ता दिला, तर कोड शांतपणे कंपाइल होतो आणि कचरा छापतो. दुसरं म्हणजे, छापायचं मूल्य साधा आकडा असला तरी त्याचा पत्ताच द्यावा लागतो. %पी४सीसीला ३२ बिटांचा आकडा देत नाहीत, त्या आकड्याचा पत्ता देतात.

आधी स्वतःला विचारा, हे खरंच हवं का

व्हीएसप्रिंटएफ.सी सगळ्यांच्या कर्नलमध्ये जाते, मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत. तुमच्या एका ड्रायव्हरपुरती सोय हवी असेल, तर त्या ड्रायव्हरमध्येच छोटं मदतनीस फंक्शन लिहा. माझ्या मते विस्तार तेव्हाच मागावा, जेव्हा किमान दोन वेगवेगळ्या विभागांत एकच गोष्ट छापायची धडपड दिसते आणि मदतनीस फंक्शनने ती नीट सुटत नाही.

%पी४सीसीची पूर्वकथा याचा उत्तम दाखला आहे. फोरसीसी म्हणजे चित्राच्या पिक्सेलांची मांडणी सांगणारा चार अक्षरी कोड, ३२ बिटांत भरलेला. कॅमेऱ्याच्या बाजूचा व्हीफोरएल२ आणि पडद्याच्या बाजूचा डीआरएम, कर्नलच्या या दोन्ही विभागांना तो लॉगमध्ये माणसाला वाचता येईल असा हवा होता. डीआरएममध्ये त्यासाठी एक फंक्शन होतं. सुरुवातीला ते एका स्टॅटिक बफरमध्ये नाव लिहून त्याचा पत्ता परत द्यायचं. दोन सीपीयूंनी एकाच वेळी बोलावलं की एकाचं नाव दुसऱ्याच्या नावावर चढायचं. २०१६ मध्ये ते बदलून मेमरी मागून घेणारं केलं. आता नाव छापून झाल्यावर ती मेमरी सोडायची जबाबदारी बोलावणाऱ्यावर आली, म्हणजे एका प्रिंट ओळीसाठी तीन ओळी. मग तिसरा अवतार आला: बोलावणाऱ्यानेच स्वतःच्या स्टॅकवर बफर ठेवायचा आणि त्याचा पत्ता द्यायचा. सुरक्षित होतं, पण प्रत्येक ठिकाणी एक जादा व्हेरिएबल. एवढं झाल्यावर %पी४सीसी आला आणि सगळं एका ओळीत मावलं. बफर कोणाचा, किती मोठा, कधी सोडायचा, हे प्रश्नच संपले, कारण छापणारं फंक्शन थेट शेवटच्या जागेत लिहितं.

तुमच्या बाबतीत अशी पूर्वकथा सांगता येत असेल, तर पुढे चला. पॅचच्या वर्णनात तीच लिहायची आहे.

अक्षर निवडताना

व्हीएसप्रिंटएफ.सी मध्ये पॉइंटर नावाचं फंक्शन शोधा. त्यात एक लांबलचक स्विच आहे, %पी नंतरच्या पहिल्या अक्षरावर. त्यावरची टिप्पणी आधी पूर्ण वाचा, सगळ्या घेतलेल्या अक्षरांची ती यादी आहे. मोकळी अक्षरं थोडी उरली आहेत. म्हणून शक्य असेल तर नवं पहिलं अक्षर न घेता असलेल्या कुटुंबात दुसरं अक्षर जोडा. वेळ-तारखेशी संबंधित काही असेल तर लहान टी खाली, फ्लॅगांचं काही असेल तर मोठ्या जी खाली. %पी४सीसीने तर अक्षराऐवजी ४ हा अंक घेतला आणि पुढचे दोन सी सक्तीचे ठेवले. त्यामुळे ४ खाली आणखी प्रकारांना जागा राहिली, आणि पुढे तसे प्रकार आलेही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. %पी नंतर लागून जितकी अक्षरं आणि अंक येतात, तितके सगळे कर्नल गिळतो, त्यांचा अर्थ लागो वा न लागो. म्हणजे %पी ला चिकटून कोणी पुढचा शब्द लिहिला असेल, तर तो शब्द आजही छापला जात नाही. मात्र तुम्ही नवं अक्षर घेतलंत आणि ते योगायोगाने अशा एखाद्या जुन्या स्ट्रिंगमध्ये असलं, तर आजवर निरुपद्रवी असलेली ती ओळ उद्या तुमच्या फंक्शनमध्ये शिरेल आणि भलत्याच पॉइंटरला फोरसीसी समजून वाचायला लागेल. म्हणून अक्षर ठरवल्यावर पूर्ण सोर्समध्ये गिट ग्रेप चालवून %पी आणि ते अक्षर असं जोडून कुठे आहे का ते बघाच.

अक्षरांचा इतिहासही आड येतो. लहान एफ पूर्वी फंक्शनचं नाव छापायचं. ते काम लहान एसकडे गेलं, जुना अर्थ काढला गेला आणि तेच एफ पुढे डब्ल्यू लावून फर्मवेअर नोडचं नाव छापायला दिलं. नव्या कर्नलमधला ड्रायव्हर कोणी जुन्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत उचलून नेला, तर तिथे त्याच अक्षराचा जुना अर्थ लागतो. त्यामुळे जुनं अक्षर मोकळं झालेलं दिसलं तरी ते लगेच उचलू नये, असं माझं मत आहे.

फंक्शन लिहिताना: बफ आणि एंड

आता मुख्य भाग. तुमचं फंक्शन पाच गोष्टी घेईल: बफ (पुढचं अक्षर लिहायची जागा), एंड (बफर जिथे संपतो ती हद्द), छापायचा पॉइंटर, रुंदी वगैरे सांगणारी प्रिंटएफ_स्पेक आणि फॉरमॅट स्ट्रिंगमधली सध्याची जागा. परत द्यायची एकच गोष्ट: पुढे लिहायला सुरुवात करायची ती जागा.

नियम दोन आहेत. बफ हे एंडच्या अलीकडे असेल तरच तिथे लिहायचं. आणि लिहिलं असो वा नसो, बफ प्रत्येक अक्षरामागे एकने पुढे न्यायचं.

दुसरा नियम पहिल्यांदा विचित्र वाटतो. जागा संपली तर थांबावं, असं कोणालाही वाटेल. पण तुमचं फंक्शन ज्याच्या आत चालतं त्या व्हीएसएनप्रिंटएफने परत द्यायची असते ती पूर्ण लांबी, म्हणजे जागा अमर्याद असती तर किती अक्षरं झाली असती तो आकडा. केएस्प्रिंटएफ या आकड्यावरच उभं आहे. ते फॉरमॅट दोनदा चालवतं: पहिल्यांदा शून्य आकाराच्या बफरवर, फक्त लांबी मोजायला, मग तेवढी मेमरी घेऊन दुसऱ्यांदा खरं लिहायला. पहिल्या फेरीत बफ हा नल पॉइंटरच असतो. तुमचं फंक्शन एंडपाशी थांबलं, तर मोजणी कमी येते आणि स्ट्रिंग मधेच तुटते.

मी सरावासाठी लिहिलेल्या पहिल्या विस्तारात नेमकं हेच झालं होतं. प्रिंटकेने सगळं छान छापलं जात होतं, म्हणून काम झालं असं मी समजले. नंतर तोच फॉरमॅट एका वर्कक्यूचं (कर्नलमधल्या कामांच्या रांगेचं) नाव बनवायला वापरला तर नाव अर्धंच यायचं. कर्नलने इशाराही दिला होता, दोन फेऱ्यांतली लांबी जुळत नाही असा, पण मी तो लॉगमध्ये बघितलाच नव्हता. दीड दिवस मी वर्कक्यूच्या कोडमध्ये चूक शोधत होते.

हा धोका टाळायचा सोपा उपाय %पी४सीसीमध्ये आहे. ते बफरमध्ये स्वतः एकही अक्षर लिहीत नाही. आधी आपल्या छोट्या स्थानिक ॲरेमध्ये पूर्ण मजकूर तयार करतं आणि शेवटी तो स्ट्रिंग या तयार मदतनीस फंक्शनकडे सोपवतं. बफ आणि एंडचे नियम, रुंदीप्रमाणे मोकळ्या जागा भरणं, डावी-उजवी बाजू, हे सगळं तिथे आधीच नीट केलेलं आहे. ज्यांच्या मजकुराची कमाल लांबी आधीच ठरलेली आहे अशा सगळ्या विस्तारांसाठी मी हीच पद्धत सुचवेन. लांबी ठरलेली नसेल, जसं बिटमॅपच्या यादीत, तिथे तुकड्या-तुकड्याने लिहावं लागतं. तिथेही नंबर, स्ट्रिंग ही मदतनीस फंक्शनंच वापरा आणि मधले स्वल्पविराम लिहिताना वरचे दोन नियम पाळा.

पी४सीसीच्या ओळी, एकेक करून

पहिली ओळ त्या ॲरेची घोषणा आहे आणि ती बघण्यासारखी आहे. आकार म्हणून कोणताही आकडा दिलेला नाही. तिथे साइझऑफच्या कंसात एक नमुना वाक्य आहे: ०१२३, मग लिटल-एंडियन (बाइटांचा क्रम सांगणारे शब्द), मग कंसात आठ अंकांची सोळा-आधारी संख्या. सगळ्यात लांब निघू शकणारा मजकूर जसाच्या तसा लिहिला आणि मोजायचं काम कंपायलरला दिलं. हाताने मोजून ३२ लिहिण्यात आणि यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, कारण उद्या कोणी मजकूर बदलला तर नमुनाही त्याच ठिकाणी डोळ्यांसमोर असतो.

त्यानंतर फॉरमॅटची तपासणी. ४ नंतर दोन सी आहेत का? नसतील तर एरर_स्ट्रिंग वापरून कंसात प्रश्नचिन्हासह एक छोटी खूण छापायची आणि परतायचं. चुकीच्या फॉरमॅटवर कर्नल थांबवायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. लॉगमध्ये ती खूण दिसली की लिहिणाऱ्याला चूक कळते.

मग चेक_पॉइंटर. पॉइंटर नल असेल तर ते कंसात नल छापतं. पत्ता मेमरीच्या पहिल्या पानाच्या आतला असेल किंवा पॉइंटरच्या रूपात एरर कोड आलेला असेल, तर कंसात ईफॉल्ट छापतं. दोन्ही वेळा ते शून्य नसलेलं मूल्य देतं आणि आपण तिथूनच परत फिरायचं. ही तपासणी ५.२ मध्ये आली. त्या सुमारास पत्ता खरोखर वाचून बघण्याचाही प्रयत्न झाला होता, पण बूटच्या अगदी सुरुवातीला काही यंत्रणांवर तोच अडचणीत आला, म्हणून मागे घेतला गेला. आता जी आहे ती साधी आणि कुठेही चालणारी आहे. पूर्ण बिघडलेल्या पण दिसायला बऱ्या पत्त्यापासून ती वाचवत नाही, तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

आकडा वाचताना गेट_अनअलाइन्ड वापरलं आहे, कारण बोलावणारा कुठल्या स्ट्रक्चरच्या पोटातला पत्ता देईल ते सांगता येत नाही, आणि काही प्रोसेसरांना अडनिड्या पत्त्यावरून ३२ बिट एकदम वाचता येत नाहीत. सगळ्यात वरचा, म्हणजे ३१ क्रमांकाचा बिट बाजूला काढला जातो, बिग-एंडियनची खूण तिथे असते. उरलेल्यातून खालच्या बाजूने एकेक बाइट काढून तो अक्षर म्हणून छापायचा. हे अक्षर छापण्याजोगं नसेल तर त्याच्या जागी टिंब. ही टिंबाची काळजी महत्त्वाची आहे. हा आकडा यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून, आलेला असू शकतो. त्यात टर्मिनलला आज्ञा देणारी नियंत्रण अक्षरं कोणी भरली, तर ती लॉग वाचणाऱ्याच्या पडद्यापर्यंत पोचू नयेत. बाहेरून आलेले बाइट छापणाऱ्या प्रत्येक विस्ताराला हे लागू आहे.

शेवटी एंडियनचं नाव, कंसात मूळ आकडा सोळा-आधारी रूपात, आणि स्ट्रिंगकडे सुपूर्द. मूळ आकडा छापायला विसरायचं नाही, हा माझा आग्रह आहे. अक्षरं चार टिंबं झाली तरी आकड्यावरून शोध लागतो.

फंक्शनच्या नावाआधी नोइनलाइन_फॉर_स्टॅक ही खूण लागते. कारण साधं आहे. स्विचमधून एकाच ठिकाणाहून बोलावलेली फंक्शनं कंपायलर एकात एक मिसळतो, मग सगळ्यांचे स्थानिक ॲरे एकाच चौकटीत साठतात आणि साधा आकडा छापणाऱ्यालाही तो भार सोसावा लागतो. एक्स८६ वर ६४ बिटांत कर्नलचा स्टॅक जेमतेम १६ केबी असतो, आणि प्रिंटके बऱ्याचदा तो आधीच भरत आलेला असताना बोलावलं जातं.

एवढं लिहून झालं की पॉइंटर फंक्शनच्या स्विचमध्ये एक केस जोडा. झालं.

रुंदीबद्दल एक गोष्ट. तुमच्या विस्ताराला लांबी बाहेरून हवी असेल, जसं किती बाइट छापायचे, तर ती %* या रुंदीतून घ्या, अचूकतेतून नको. %पी बरोबर रुंदी चालते, पण टिंब देऊन अचूकता लिहिली की जीसीसी वॉर्निंग देतो. बाइट छापणारा %*पीएच याच मार्गाने लांबी घेतो, जास्तीत जास्त ६४ बाइटांपर्यंत.

झोपायचं नाही, लॉक घ्यायचं नाही

तुमचं फंक्शन मेमरी मागू शकत नाही. म्युटेक्स तर अजिबात घेऊ शकत नाही, कारण म्युटेक्ससाठी थांबणं म्हणजे झोपणं, आणि इंटरप्टमध्ये झोपता येत नाही. स्पिनलॉकही, म्हणजे न झोपता सतत वाट बघायला लावणारा लॉकही, नको. तोच लॉक धरून बसलेल्या कोडने प्रिंटके बोलावलं, तर ते स्वतःचीच वाट बघत अडकेल.

हे सगळं पटतं, आणि तरीही चूक होते, कारण लॉक आपण लिहीत नाही, आपण बोलावलेलं फंक्शन आतल्या आत घेतं. कर्नलमध्ये खरंच असं झालेलं आहे. क्लॉकचं नाव छापणाऱ्या मोठ्या सीच्या कुटुंबात एक प्रकार क्लॉकची गती छापायचा. गती कळायला ते सीएलके_गेट_रेट बोलवायचं, आणि ते आत म्युटेक्स घेतं. लॉगमध्ये गती दिसायची, सगळं ठीक वाटायचं. पण चुकीच्या ठिकाणाहून बोलावलं तर कर्नल अडकू शकत होता. २०१८ मध्ये तो प्रकार काढून टाकला. जिथे तो वापरला होता तिथे बोलावणाऱ्याने स्वतः आधी गती विचारायची आणि साधा आकडा छापायचा, असं ठरलं. विस्ताराने फक्त समोर असलेला डेटा वाचावा, नवीन काही विचारायला कुठे जाऊ नये, असा धडा त्यातून मी घेतला.

डेटा वाचत असतानाच बदलू शकत असेल तर काय? फाइलचं नाव छापणारा लहान डी बघा. नाव त्याच क्षणी कोणी बदलत असू शकतं. ते फंक्शन नेहमीचा, थांबायला लावणारा लॉक घेत नाही. आरसीयू रीड लॉक घेतं, जो प्रत्यक्षात कोणाची वाट बघायला लावत नाही, आणि नावाचा पॉइंटर रीड_वन्सने एकदाच वाचतं. जुनं नाव छापलं जाईल किंवा नवं, अर्धं-अर्धं क्वचित येईल, पण मोकळी केलेली मेमरी वाचली जाणार नाही. लॉगसाठी एवढी अचूकता पुरते.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. ४.१५ पासून साधं %पी खरा पत्ता छापत नाही, सिपहॅशने तयार केलेली खूण छापतं, कारण कर्नलचे पत्ते बाहेर कळले की हल्ला करणाऱ्याचं काम सोपं होतं. तुमच्या विस्तारात कुठेही कच्चा पत्ता आकडा म्हणून छापू नका. पत्ता दाखवायचाच असेल तर फाइलमधलं डीफॉल्ट_पॉइंटर वापरा, हॅश आपोआप होतो.

ट्रेसिंगची बाजू

ट्रेसिंग म्हणजे कर्नलच्या घडामोडींची वेगाने ठेवलेली नोंद. हा भाग मार्गदर्शकांत बहुतेक वेळा सुटतो. ट्रेस_प्रिंटके वेगासाठी मजकूर लगेच तयार करत नाही. आर्ग्युमेंट कच्च्या रूपात साठवून ठेवतं आणि वाचायच्या वेळी फॉरमॅट लावतं. मधल्या काळात तुमचा पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवत होता ते स्ट्रक्चर मोकळं झालेलं असू शकतं. म्हणून व्हीबिन_प्रिंटएफ या फंक्शनात स्विच आहे: ज्या विस्तारांना पॉइंटरच्या आत डोकवायची गरज नसते, जसं फंक्शनचं नाव किंवा एरर कोड, त्यांचा पॉइंटर तसाच साठवतात. बाकी सगळ्यांचा मजकूर जागच्या जागी तयार करून स्ट्रिंग म्हणून साठवतात. तुमचा विस्तार आत डोकावत असेल, आणि बहुधा डोकावेलच, तर काही करावं लागत नाही, नेहमीची वाट बरोबर आहे. चुकूनही वेगासाठी तो पहिल्या यादीत घालू नका.

ट्रेस इव्हेंटची छपाईची ओळ हे वेगळं प्रकरण. ती ओळ यूजरस्पेसमधली साधनंही स्वतः वाचून अर्थ लावतात, आणि त्यांना तुमचं नवं अक्षर माहीत नसतं. तिथे विस्तार वापरण्याऐवजी इव्हेंट नोंदवतानाच लागणारी मूल्यं कॉपी करून ठेवा.

टेस्ट

छपाईच्या टेस्ट आधी लिबमधल्या टेस्ट_प्रिंटएफ.सी मध्ये होत्या. नव्या कर्नलमध्ये त्या लिब खालच्या टेस्ट्स फोल्डरमध्ये केयूनिट या कर्नलच्या टेस्ट चौकटीच्या रूपात आहेत. तिथे एक टेस्ट लिहायची म्हणजे अपेक्षित मजकूर, फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट एवढंच द्यायचं. पण त्या एका ओळीमागे चार तपासण्या होतात: भरपूर मोठा बफर, थोडा अपुरा बफर, शून्य आकाराचा बफर, आणि केव्हीएस्प्रिंटएफमधून तयार होणारी स्ट्रिंग. बफरच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अक्षर भरून ठेवलेलं असतं, म्हणून हद्द ओलांडली की लगेच कळतं. माझी वर्कक्यूची चूक या टेस्टने काही सेकंदांत पकडली असती.

%पी४सीसीच्या पहिल्या टेस्ट चार होत्या आणि निवड नेमकी होती. एनव्ही१२ हा नेहमीचा कोड. तोच कोड वरचा बिट लावून, म्हणजे बिग-एंडियन. चारही बाइट न छापता येणारे, म्हणजे चार टिंबं. आणि वाय१० पुढे मोकळी जागा असलेला कोड, कारण मोकळी जागा छापण्याजोगी आहे आणि तिचं टिंब व्हायला नको. तुमच्यासाठीही असंच करा: एक नेहमीचा नमुना, प्रत्येक फाट्याला एक, आणि कडेचे जे सुचतील ते. नल पॉइंटर आणि चुकीचं दुसरं अक्षर यांच्याही टेस्ट घाला.

चालवायला वेगळं मशीन लागत नाही. सोर्सच्या टूल्स फोल्डरमधली केयूनिट.पीवाय ही स्क्रिप्ट कर्नल साध्या प्रोसेससारखा उभा करून टेस्ट चालवते. तरी एकदा क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये पूर्ण बूट करून, इंटरप्ट हँडलरमधून तुमचा विस्तार बोलावून बघा, लॉकच्या चुका पकडणारा लॉकडेप आणि जिथे झोपायला मनाई आहे तिथे झोपल्याचं पकडणारा डीबग पर्याय चालू ठेवून. क्लॉकच्या गतीसारखी चूक तिथे बाहेर येते.

कागदपत्रं आणि पॅच

पॉइंटर फंक्शनवरच्या टिप्पणीतच लिहिलं आहे की इथे बदल केला तर डॉक्युमेंटेशनमधली प्रिंटके-फॉरमॅट्स ही फाइलही बदला. ती कोअर-एपीआय फोल्डरमध्ये आहे. तिथे अक्षर, नमुना आउटपुट, आणि कशाचा पॉइंटर द्यायचा हे लिहा. कंपायलर प्रकार तपासत नाही, त्यामुळे या फाइलमधलं तुमचं वाक्य हाच वापरणाऱ्याचा आधार आहे. त्याच टिप्पणीतल्या यादीतही ओळ जोडा.

तिसरी जागा लोक विसरतात: स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं चेकपॅच, म्हणजे पॅच तपासणारी स्क्रिप्ट. त्यात %पी नंतर चालणाऱ्या अक्षरांची स्वतःची यादी आहे. ती वाढवली नाही तर तुमचा विस्तार वापरणाऱ्या प्रत्येकाला चुकीचा इशारा दिसत राहील.

पॅच मालिकेत पहिला पॅच विस्ताराचा ठेवा: कोड, टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन एकत्र. पुढचे पॅच विभागवार, जुनी फंक्शनं काढून नवा फॉरमॅट वापरणारे. वापरणारा कोणी नसलेला विस्तार सहसा घेत नाहीत, म्हणून किमान एक खरा वापर त्याच मालिकेत हवाच. गेट_मेंटेनर स्क्रिप्ट चालवून पॅच कोणाला पाठवायचा त्यांचे ईमेल पत्ते काढा, आणि ज्या विभागांचा कोड बदलताय त्यांनाही पाठवा.

नमुना आउटपुटवर सगळ्यात जास्त चर्चा होईल याची तयारी ठेवा. कंस कुठे, आकडा आधी की नाव आधी, मोकळी जागा किती, हे सगळं विचारलं जातं. ते रास्त आहे. एकदा आत गेलेला फॉरमॅट लोकांच्या स्क्रिप्ट वाचू लागतात, मग तो बदलणं अवघड होतं. म्हणून पॅचच्या वर्णनात आउटपुटच्या दोन-तीन खऱ्या ओळी जशाच्या तशा चिकटवा, आणि दुसऱ्या फेरीत जे बदललं ते वर्णनानंतर येणाऱ्या तीन रेघांच्या खाली लिहा.